न्यायालय आणि अक्षराचें माप

युरोपांतील शिल्पकारांनीं न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. पुढें उभा असलेला पक्षकार राव आहे कीं रंक, हें तिला दिसूं नये, असा त्या पट्टीचा अर्थ. परंतु न्यायासनावर प्रत्यक्ष बसणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांवर पट्टी नसते. बहुधा चष्माच असतो. वकिलाचें तोंडी भाषण घटकाभर चालतें आणि विरून जातें. कागद मात्र न्यायाधीशाबरोबर त्याच्या घरीं जातात आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत त्याच्यापुढें उघडे असतात. पक्षकाराची बाजू न्यायाधीशाच्या मनापर्यंत पोंचते ती बहुतांशीं डोळ्यांच्या वाटेनें. या वाटेवर खांचखळगे नसावेत म्हणून निरनिराळ्या देशांतील न्यायालयांनीं कागदाची लांबीरुंदी, समास, दोन ओळींमधील अंतर आणि अक्षराचें माप यांविषयीं नियम केलेले आहेत.

नवशिक्या वकिलाला हे नियम प्रथम वाचतांना हंसूं येतें. जेथें माणसांच्या स्वातंत्र्याचा आणि मालमत्तेचा निवाडा व्हावयाचा, तेथें अक्षर बारा मापाचें कीं चौदा मापाचें याची चौकशी कशाला, असें त्याला वाटतें. पण त्याचा पहिला अर्ज हरकतींच्या यादीसह कचेरींतून परत आला, म्हणजे तें हंसूं मावळतें. अर्ज दुरुस्त करून पुन्हां दाखल करावा लागतो. त्याला दिवस लागतात. ठरलेल्या मुदतीहून अधिक लागले तर त्या विलंबाची माफी मागण्यासाठीं आणखी एक अर्ज करावा लागतो. ज्याची जमीन, नोकरी किंवा निवृत्तिवेतन पणाला लागलेलें असतें, तो पक्षकार तोंवर दाराशीं तिष्ठत राहतो. तेव्हां हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. शिवाय हे नियम कोणा लहरी कारकुनानें केलेले नाहींत. त्यांच्या मागें अनुभव आहे, आणि तो अनुभव कळला म्हणजे नियम पाळणेंही सोपें होतें.

अक्षराचें माप ‘पॉइंट’ या एककानें सांगतात. हें एकक संगणकानें निर्माण केलेलें नाहीं. तें छापखान्यांतून आलेलें आहे. ज्या काळीं प्रत्येक अक्षर शिशाच्या मिश्रधातूच्या खिळ्यावर ओतलेलें असे आणि जुळारी एक एक खिळा उचलून ओळ जुळवीत असे, त्या काळीं निरनिराळ्या ओतशाळांचे खिळे एकमेकांशीं जुळत नसत. मापांना आंकडे नसून नांवें होतीं. आजच्या आंकड्यांत सांगावयाचें तर सुमारें आठाला ‘ब्रेव्हियर’, दहाला ‘लाँग प्रायमर’, बाराला ‘पायका’, चौदाला ‘इंग्लिश’ आणि अठराला ‘ग्रेट प्रायमर’ म्हणत. एका कारखान्याचा पायका दुसऱ्या कारखान्याच्या पायक्याहून केंसभर उंच निघे आणि जुळाऱ्याची ओळ वांकडी होई. १७३७ सालीं पियेर सिमों फूर्निये या फ्रेंच कारागिरानें मापांचें कोष्टक प्रसिद्ध करून या गोंधळाला आंकड्यांची शिस्त लावण्यास आरंभ केला. १८८६ सालीं अमेरिकेंतील ओतशाळांनीं एकच पॉइंट मान्य केला. असे बारा पॉइंट मिळून एक पायका, म्हणजे इंचाचा जवळजवळ सहावा भाग. संगणकाच्या युगांत तो ‘जवळजवळ’ शब्दही गेला आणि इंचाचे बरोबर ७२ भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे पॉइंट, असें ठरलें. या हिशेबानें बारा पॉइंट म्हणजे ४.२३ मिलिमीटर आणि चौदा पॉइंट म्हणजे ४.९४ मिलिमीटर.

मात्र हे ४.९४ मिलिमीटर छापलेल्या कागदावर पट्टी घेऊन शोधूं गेल्यास कोठेंच सांपडत नाहींत. येथेंच पुष्कळांची फसगत होते. हें माप अक्षराचें नसून खिळ्याच्या अंगाचें आहे. अक्षराचा चेहरा त्या अंगावर उठविलेला असे आणि त्याच्या वर-खालीं थोडी जागा मोकळी राही. एका कारागिरानें चेहरा मोठा काढला आणि दुसऱ्यानें लहान काढला, तरी अंग सारखें असल्यामुळें दोन्ही खिळे चौदाचेच. आतां खिळे गेले, पण हिशेब तोच राहिला. संगणकाच्या पडद्यावर जो आंकडा निवडला जातो, तो एका अदृश्य खिळ्याचा आंकडा असतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे न्यायालयांच्या नियमांतील पुष्कळ कोडीं उलगडतात.

हे नियम कसे घडत गेले तें अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांत फार स्पष्ट दिसतें. तेथें प्रत्येक पक्ष आपलें लेखी निवेदन सादर करतो. त्याला ‘ब्रीफ’ म्हणतात. कोणाही पक्षानें न्यायाधीशाचा वेळ वाटेल तितका घेऊं नये म्हणून ब्रीफच्या लांबीला मर्यादा असते. १९९८ पूर्वीं ही मर्यादा पानांची होती. मुख्य ब्रीफ ५० पानांहून मोठें नसावें, असा नियम होता. टंकलेखनयंत्राच्या काळांत एवढें पुरेसें होतें, कारण तें यंत्रच पंचाचें काम करी. त्याचें प्रत्येक अक्षर, मग तें सडपातळ ‘आय’ असो वा लठ्ठ ‘डब्ल्यू’ असो, सारखीच जागा घेई. पायका जातीच्या यंत्रावर इंचांत १० अक्षरें बसत. एलीट जातीच्या यंत्रावर १२. उंचीकडून इंचाला सहा ओळी, आणि एक ओळ आड सोडली तर तीन. साडेआठ इंच रुंद व अकरा इंच उंच कागदावर चोहों बाजूंनीं इंचभर समास सोडला म्हणजे पायका यंत्रावर ६५ अक्षरांच्या २७ ओळी मावत. मोठ्या कंपनीचा वकील असो वा एकट्यादुकट्या कामगाराचा, एकाच जातीच्या यंत्रावर दोघांचें पान सारखेंच.

संगणक आला आणि हा पंच निघून गेला. प्रत्येक अक्षर आपापल्या अंगाप्रमाणें जागा घेऊं लागलें. अक्षरांचीं वळणें, ज्यांना आज सर्वत्र ‘फाँट’ म्हणतात, शेंकड्यांनीं उपलब्ध झालीं. माप अर्ध्या-अर्ध्या पॉइंटानें घटवितां येऊं लागलें आणि ओळींमधील अंतर कोणाच्या सहज लक्षांत येणार नाहीं इतपत कमी करण्याची सोय झाली. पानें तेवढींच राहिलीं, पण त्यांतील मजकूर फुगूं लागला. तळटीपा तर कित्येक वकिलांचें तळघरच झाल्या. वर न मावणारे युक्तिवाद बारीक अक्षरांत तेथें कोंबले जाऊं लागले. १९९४ सालीं नवव्या विभागाच्या अपील न्यायालयापुढें असें एक ब्रीफ आलें. त्यांतील ओळींमध्यें नियमापेक्षां कमी अंतर होतें आणि तळटीपा बारीक अक्षरांत होत्या. न्यायालयानें वकिलाला १,५०० डॉलर दंड केला. वरवर पाहतां हा दंड ओळी दाटल्याबद्दल होता. खऱ्या अर्थानें तो प्रतिपक्षानें नियम पाळून जेवढी जागा घेतली तिच्याहून अधिक जागा घेतल्याबद्दल होता. दोन पैलवानांपैकीं एकानें वजनाच्या वेळीं कांट्याला हात लावावा, तसाच हा प्रकार.

१९९८ सालीं नियम मुळापासून बदलला. पान हें माप आतां भरंवशाचें राहिलें नाहीं, तेव्हां शब्द हें माप घ्यावें, असें नियमकर्त्यांनीं ठरविलें. पानाला २८० शब्द धरून ५० पानांचे १४,००० शब्द झाले. पुढें हा अंदाज सढळ वाटल्यावरून पानाला २६० शब्द धरण्यांत आले आणि २०१६ सालीं मुख्य ब्रीफची मर्यादा १३,००० शब्दांवर आली. ज्याला शब्द मोजावयाचे नसतील त्यानें ३० पानांचें लहान ब्रीफ द्यावें, अशी मुभाही आहे. याच नियमांत अक्षराचें मापही सांगितलेलें आहे. ज्या वळणांत अक्षरें आपापल्या रुंदीचीं असतात त्यांत चौदा पॉइंटांहून लहान अक्षर चालत नाहीं. ज्यांत सर्व अक्षरें सारख्या रुंदीचीं असतात त्यांत इंचाला साडेदहांहून अधिक अक्षरें चालत नाहींत. म्हणजे जुन्या पायका यंत्राला परवानगी आणि एलीटला मनाई.

या फेरबदलाचें मर्म नीट पाहण्याजोगें आहे. शब्द मोजूं लागल्याबरोबर अक्षर बारीक करण्यांतील लोभच नाहींसा झाला. अक्षर मोठें घेतल्यानें एकही शब्द कमी होत नाहीं आणि लहान घेतल्यानें एकही शब्द वाढत नाहीं. पूर्वीं एकाच नियमावर दोन कामांचें ओझें होतें. आतां दोन कामें दोन नियमांनीं वांटून घेतलीं. शब्दांची मर्यादा प्रतिपक्षाला न्याय देते; अक्षराचें माप न्यायाधीशाच्या डोळ्यांना न्याय देतें. ज्या न्यायालयांत आजही पानांचीच मर्यादा आहे, तेथें मात्र अक्षराच्या मापाला हीं दोन्ही कामें एकट्यानें करावीं लागतात, आणि म्हणूनच तेथें कचेरीची नजर अधिक कडक असते.

तथापि मोजणाराही चुकूं शकतो. १९९९ सालीं सातव्या विभागाच्या न्यायालयापुढें आलेल्या एका ब्रीफबरोबर शब्दसंख्येचें प्रमाणपत्र जोडलेलें होतें. वकिलानें तें प्रामाणिकपणें दिलेलें होतें, पण प्रत्यक्षांत शब्द मर्यादेबाहेर गेलेले होते. ब्रीफचा मोजण्याजोगा भाग निवडून मोजणी केली असतां त्या काळची एक प्रचलित लेखनप्रणाली तळटीपांतील शब्द सोडून देत असे, हें त्या निमित्तानें उघड झालें. न्यायालयानें वकिलाला शिक्षा केली नाहीं. पण यंत्रानें दिलेला आंकडा डोळे मिटून घेऊं नये, हा धडा सर्वांनाच मिळाला.

माप ठरलें तरी वळणाचा प्रश्न उरतोच, कारण वर सांगितल्याप्रमाणें चौदाच्या अंगावर चेहरा लहान कीं मोठा, हें वळण काढणाऱ्या कारागिराच्या हातीं असतें. ‘टाइम्स न्यू रोमन’ हें वळण लंडनच्या ‘टाइम्स’ या दैनिकासाठीं तयार झालें आणि १९३२ सालीं त्या पत्रांत प्रथम दिसलें. वर्तमानपत्राचे स्तंभ अरुंद असतात. थोड्या जागेंत अधिक शब्द बसावे म्हणून त्याचीं अक्षरें आटोपशीर ठेवलेलीं आहेत. ‘सेंचुरी’ हें वळण १८९४ च्या सुमारास ‘सेंचुरी’ नांवाच्या अमेरिकन मासिकासाठीं निघालें, आणि त्याचीच ‘स्कूलबुक’ ही शाखा पुढें शाळकरी पुस्तकांसाठीं काढण्यांत आली. मुलांना अक्षर ओळखतां यावें हाच त्या शाखेचा हेतु असल्यामुळें तिचा चेहरा मोठा आणि मोकळा आहे. ‘गॅरमाँड’ हें नांव सोळाव्या शतकांतील फ्रेंच कारागिरावरून आलें. त्या वळणाचें सौंदर्य वादातीत आहे, पण त्याचीं लहान अक्षरें त्याच आंकड्याला इतरांहून बारीक दिसतात. सातव्या विभागाच्या न्यायालयानें वकिलांसाठीं अक्षरकलेची एक मार्गदर्शिकाच काढली आणि वर्तमानपत्री वळणांऐवजीं ग्रंथांचीं वळणें घ्यावीं असें तींत सुचविलें. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें २०२१ सालीं सूचना काढून गॅरमाँडचा वापर टाळावा आणि सेंचुरी किंवा टाइम्स न्यू रोमन घ्यावें, असें सांगितलें. सगळ्यांचा आंकडा चौदाच; भेद होता तो चेहऱ्याचा.

अमेरिकेचें सर्वोच्च न्यायालय याच्याही पुढें गेलें आहे. तेथें आंकड्याबरोबर वळणाचें घराणेंही नेमून दिलेलें आहे. तेथील ब्रीफ छोट्या पुस्तिकेच्या रूपांत द्यावें लागतें. तिचें पान सव्वासहा इंचांहून किंचित अरुंद आणि सव्वानऊ इंच उंच असतें. अक्षर सेंचुरी घराण्याचें, बारा पॉइंटांचें, आणि दोन ओळींमध्यें निदान दोन पॉइंटांची जास्त जागा. तळटीपांना दहा पॉइंट. अपील न्यायालयांत चौदा आणि सर्वोच्च न्यायालयांत बारा, हें प्रथम उलटें वाटतें. परंतु पुस्तिकेचें पान अरुंद, ओळ आंखूड आणि वळण मोठ्या चेहऱ्याचें. त्यामुळें बाराचें अक्षरही तेथें सुखानें वाचतां येतें. अक्षराचें माप, ओळीची लांबी आणि ओळींमधील अंतर हीं तिन्ही मिळूनच वाचन सुलभ होतें; एकट्या आंकड्याला अर्थ नाहीं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ मार्च २०२० च्या परिपत्रकानें हीं तिन्ही एकाच वेळीं ठरवून दिलीं. त्यापूर्वीं लांब ‘लीगल’ कागद एकाच बाजूनें वापरण्याची वहिवाट होती. परिपत्रकानें ए-४ मापाचा, म्हणजे २९.७ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद कागद, दोन्ही बाजूंनीं छापून देण्यास सांगितलें. वळण टाइम्स न्यू रोमन, अक्षर चौदाचें, ओळींमधील अंतर दीडपट. अवतरणांना बारा पॉइंट आणि एकेरी अंतर. डावीउजवीकडे ४ सेंटिमीटर आणि वरखालीं २ सेंटिमीटर समास. हे आंकडे नुसते पाठ करण्याऐवजीं त्यांचा हिशेब करून पाहावा. एकवीसांतून दोन्हीकडचे चार-चार गेले म्हणजे ओळीला १३ सेंटिमीटर उरतात, आणि त्यांत या वळणाचीं चौदा पॉइंटांचीं सुमारें ६० अक्षरें बसतात. उंचींतून समास वजा जातां २५.७ सेंटिमीटर राहतात, त्यांत सुमारें ३० ओळी येतात. साठ अक्षरांची ओळ डोळ्याला झेपते. तिच्या टोकापासून पुढच्या ओळीच्या आरंभाकडे परततांना दृष्टि चुकत नाहीं. समास रुंद असल्यामुळें कागद दोन्ही बाजूंनीं छापून शिवला तरी अक्षर शिवणींत जात नाहीं, आणि न्यायाधीशाला टिपण करण्यास जागा राहते. कागदाची बचत आणि वाचनाची सोय, दोन्ही या चार आंकड्यांत सांभाळलीं गेलीं.

आतां इतकें स्पष्ट लिहिलेलें असतांही कागद हरकतींसह परत कां येतात, हें पाहावें. पहिलें कारण तळटीपा. टंकलेखक सर्व मजकूर निवडून आंकडा चौदा करतो. परंतु बहुतेक लेखनप्रणालींत तळटीपांचा कारभार वेगळा असतो, आणि त्या आपल्या मूळच्या दहाच्या मापांतच राहतात. दुसऱ्या कागदावरून उचलून आणलेला परिच्छेदही आपलें जुनें माप घेऊन येतो आणि शेजाऱ्यांत मिसळल्याचें सोंग करतो. याला उपाय एकच: मापें हातानें जागोजाग न बदलतां मुख्य मजकूर, शीर्षक, अवतरण आणि तळटीप यांच्या ‘स्टाइल’मध्येंच एकदां नेमून द्यावीं, म्हणजे पुढें कितीही भर पडली तरी शिस्त टिकते.

दुसरें कारण ओळींमधील अंतर. छापखान्याच्या हिशेबानें चौदाची दुप्पट अठ्ठावीस. परंतु लेखनप्रणालीचें ‘डबल’ याहून मोठें असतें, कारण तिची एकेरी ओळच वळणाप्रमाणें मापाच्या सव्वापटीच्या आंत-बाहेर असते. टाइम्स न्यू रोमनच्या चौदाला तें सुमारें ३२ पॉइंट भरतें. नऊ इंच उंचीच्या मजकुरांत एका हिशेबानें २३ ओळी बसतात, दुसऱ्यानें २०. पानामागें तीन ओळी, म्हणजे तीस पानांत नव्वद ओळींचा फरक. संबंधित न्यायालयाला यांतील कोणता हिशेब मान्य आहे, हें आधींच पाहून घेणें शहाणपणाचें.

तिसरें कारण सर्वांत कपटी आहे, कारण तें पडद्यावर दिसतच नाहीं. छापतांना ‘पानांत बसवा’ ही सूचना चालू राहिली, तर यंत्र सबंध पान आकसून छापतें. शेंकडा ९४ या प्रमाणांत पान आकसलें कीं चौदाचें अक्षर १३.१६ पॉइंटांचें होतें. संगणक शपथेवर चौदा सांगतो आणि कागद तेरा दाखवितो. हें ओळखण्यास पायलीभर विद्या लागत नाहीं. साधी मोजपट्टी घेऊन भरलेली ओळ मोजावी. जी १३ सेंटिमीटर असावयाची ती १२.२ भरली, तर चोर सांपडला. तसेंच, ज्या संगणकावर अर्ज तयार झाला त्यावरील वळण दुसऱ्या संगणकावर नसेल तर तो परस्पर दुसरें वळण बसवितो आणि पानांची सारी मांडणी हलते. म्हणून अंतिम प्रत पी. डी. एफ. रूपांत, वळणें आंतच समाविष्ट करून ठेवावी. जुन्या दस्तऐवजांच्या पुसट छायाप्रती जोडावयाच्या असतील, तर त्यांच्याबरोबर स्वच्छ टंकलिखित प्रत द्यावी. नियमाचें माप मुख्य अर्जानें पाळलें आणि खरा पुरावा मात्र वाचतांच आला नाहीं, तर त्या पाळण्याचा उपयोग काय?

महाराष्ट्रांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९९८ सालच्या अधिसूचनेनें मुंबई उच्च न्यायालयाच्या अधीन असलेल्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली. दावे, कैफियती, अर्ज आणि जबान्या मराठींत लिहिल्या जातात. वर अपील गेलें कीं मराठी कागद इंग्रजी कागदांच्या शेजारीं बसतात. पण चौदाचा आंकडा जन्मला तो रोमन लिपीच्या घरीं. देवनागरी ओळीला तीन मजले असतात. मधल्या मजल्यावर शिरोरेषेखालीं अक्षर; वरच्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार; खालच्यावर उकार, ऋकार आणि पाय मोडल्याची खूण. हे तिन्ही मजले एकाच अंगांत बसवावयाचे, म्हणजे मधल्या अक्षराला दाटीवाटीनेंच राहावें लागतें. खिळ्यांच्या काळींही ही ओढाताण होतीच; कांहीं खिळ्यांत मात्रा अक्षराबरोबरच ओतलेली असे, तर कांहींत ती वेगळ्या तुकड्यावर असून जुळाऱ्याला अक्षराच्या माथ्यावर बसवावी लागे.

श्रोत्यांनीं घरीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. संगणकावर ‘कोर्टांतून’ हा मराठी शब्द आणि त्याच्या शेजारीं त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द, दोन्ही चौदाच्या मापांत छापावे. मराठी शब्दांत मात्रा, रफार, अनुस्वार आणि दीर्घ उकार सर्वच आहेत. पुष्कळ वळणांत असें दिसेल कीं ओळीची उंची मराठी शब्दानें अधिक घेतली, आणि तरीही त्याचें मधलें अक्षर वाचण्यास तितकें ठळक नाहीं. युनिकोडपूर्व काळांतील ‘कृतिदेव’ किंवा ‘शिवाजी’ यांसारख्या वळणांत तर त्याच आंकड्याचें अक्षर आणखी लहान दिसतें. उलट ‘मंगल’ या वळणांत ओळीमागें जागा इतकी सुटते कीं दीडपट अंतर दिल्यास पान ओसाड वाटूं लागतें.

यांत एक यांत्रिक अडचणही आहे. टाइम्स न्यू रोमनमध्यें देवनागरी अक्षरें नाहींतच. त्या वळणाच्या इंग्रजी अर्जांत मराठी अवतरण आलें, कीं लेखनप्रणाली कोणतें तरी दुसरें वळण परस्पर आणून बसविते. कांहीं प्रणालींत तर रोमन अक्षराचें माप आणि देवनागरीसारख्या लिपींचें माप अशीं दोन वेगळीं मापें नोंदलेलीं असतात. एक चौदा केलें तरी दुसरें अकरावरच राहूं शकतें. परिणाम असा होतो कीं इंग्रजी युक्तिवाद ठसठशीत, आणि ज्या मराठी जबानीवर तो उभा आहे ती जबानी मात्र बारीक. साक्षीदाराचे स्वतःचे शब्दच पानावर सर्वांत अस्पष्ट व्हावेत, याहून विपरीत गोष्ट कोणती? अशा अर्जांत मराठी वळण आणि त्याचें माप हेतुपुरस्सर निवडावें, आणि तें इंग्रजीच्या बरोबरीनें डोळ्याला दिसेल असें ठेवावें. नियमांतील आंकडा हा खालचा उंबरठा असेल तेथें मराठी अक्षर एकदोन पॉइंटांनीं मोठें घेण्यास कोणाची आडकाठी नसते. जेथें नेमका आंकडाच ठरलेला असेल तेथें त्या आंकड्यांत मोठ्या चेहऱ्याचें वळण शोधावें.

सारांश, न्यायालयाचा नियम वाचतांना त्यांत वळण, माप, अंतर आणि समास कोणते सांगितले आहेत हें प्रथम लिहून काढावें; मग तें स्टाइलमध्यें नेमावें; तळटीपा आणि अवतरणें स्वतंत्रपणें तपासावीं; छापून झाल्यावर मोजपट्टी लावावी. एवढें झालें म्हणजे कचेरीची हरकत टळते. त्यानंतरची परीक्षा कोणत्याही नियमांत लिहिलेली नाहीं, पण ती चुकवूं नये. छापलेलें एक पान घरांतील वडील माणसाच्या हातांत द्यावें, आणि संध्याकाळच्या उजेडांत तें त्यांनीं वाचून दाखवावें. वाचतांना त्यांनीं कागद डोळ्यांजवळ ओढला, किंवा दूर धरला, किंवा एकच ओळ दोनदां वाचली, तर अर्ज अजून दाखल करण्यास योग्य झालेला नाहीं, असें समजावें.